देवाच्या हाकेला ओ देणारे संत फ्रान्सिस झेवियर



संत फ्रान्सिस झेवियर हे नाव आपल्याला नवे नाही. आपल्या वसईत घरटी एखादा फ्रान्सिस किंवा झेवियर सापडतोच. दरवर्षी ३ डिसेंबरला आपण त्यांचा सण साजरा करतो. दर दहा वर्षांनी जुन्या गोव्यात त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले होते, तेव्हा आपल्यातील कित्येक कुटुंबे लेकराबाळांसह जाऊन येतात. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झालेल्या दर्शनाला जी मंडळी जाऊन आली, ती रांगेत किती वेळ उभे राहावे लागले हे अजूनही हौसेने सांगतात. या संताविषयी आपण बहुधा दोनच गोष्टी बोलतो. त्यांनी हजारो लोकांना बाप्तिस्मा दिला आणि त्यांचे शरीर टिकून राहिले. आज आम्हांला तिसऱ्या एका गोष्टीविषयी लिहायचे आहे. ती म्हणजे त्यांचे आज्ञापालन.

आज्ञापालन हा शब्द आजकाल कुणाला फारसा रुचत नाही. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात तो शिकायचा आणि मोठे झाल्यावर विसरून जायचा, अशी आपली रीत झाली आहे. खरे सांगायचे तर आमच्याही मनात हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न येतो तो असा, की आज्ञा कुणाची आणि ती आम्ही का पाळावी? हा प्रश्न चुकीचा नाही. माणसांनी माणसांना देवाचे नाव घेऊन नाचवल्याची उदाहरणे इतिहासात भरपूर आहेत. म्हणूनच, ज्या माणसाने हा प्रश्न आयुष्यभर सोडवला, त्याच्याकडे थोडे जवळून पाहावेसे वाटते.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी झाला. आज स्पेनमध्ये असलेल्या नवारा प्रांतात हावियेर नावाचा किल्ला आहे, तो त्यांच्या घराण्याचा. झेवियर हे नाव त्या किल्ल्यावरूनच आले. त्यांची मातृभाषा बास्क. वडील नवाराच्या राजाच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. पण १५१२ साली कास्तिलच्या सैन्याने नवारा जिंकून घेतला, १५१५ साली वडील वारले आणि १५१६ साली शत्रूने किल्ल्याचे बुरूज व तट पाडून टाकले. दहा वर्षांच्या मुलाने आपल्या घराच्या भिंती कोसळताना पाहिल्या. पुढे १५२१ साली त्यांचे थोरले भाऊ नवाराचे राज्य परत मिळवण्यासाठी लढत होते. त्याच लढाईत पाम्पलोना शहरात विरुद्ध बाजूने लढणाऱ्या एका सरदाराच्या पायावर तोफेचा गोळा बसला. त्या सरदाराचे नाव इग्नेशियस लोयोला. देवाची योजना पाहा! ज्याच्या शब्दाखातर फ्रान्सिस पुढे सारे जग पालथे घालणार होते, तो त्यांच्या भावांचा शत्रू होता.

१५२५ साली फ्रान्सिस शिकायला पॅरिसला गेले. बुडालेले घराणे पुन्हा वर काढायचे, चांगले उत्पन्न असलेली धर्मपीठातील जागा मिळवायची, हा त्यांचा मनसुबा होता, आणि त्यासाठी आपण खानदानी कुळातले असल्याचा दाखला मिळवण्याच्या खटपटीतही ते होते. सेंट बार्ब कॉलेजात त्यांच्या खोलीत पीटर फेबर नावाचा मेंढपाळाचा मुलगा राहत असे. १५२९ साली त्याच खोलीत इग्नेशियस राहायला आले. वय अडतीसच्या आसपास, पायाने लंगडे, अंगावर साधे कपडे आणि शिकायला बसायचे पोराटोरांच्या वर्गात. फेबर लवकरच त्यांच्या बाजूला झाले. फ्रान्सिस मात्र काही वर्षे हाती लागले नाहीत. ते या म्हाताऱ्या विद्यार्थ्याची थट्टाच करत. इग्नेशियस यांनी घाई केली नाही. फ्रान्सिस तत्त्वज्ञान शिकवू लागले तेव्हा त्यांच्या वर्गाला विद्यार्थी मिळवून दिले, पैशाची अडचण आली तेव्हा मदत केली, आणि सारे जग मिळवून आत्मा गमावला तर काय उपयोग, हा प्रभू येशूचा प्रश्न ते पुन्हा पुन्हा त्यांच्यापुढे ठेवत राहिले. १५३३ साली फ्रान्सिस यांचे मन वळले.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसजवळच्या मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी व्रते घेतली. दारिद्र्य आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला एक वेगळे व्रत होते. जेरुसलेमला जायचे, आणि ते जमले नाही तर पोपमहोदयांपुढे उभे राहून ते पाठवतील तिथे जायचे. १५३७ साली व्हेनिसमध्ये फ्रान्सिस यांना गुरुदीक्षा मिळाली. पण तुर्कांशी युद्ध पेटल्याने जेरुसलेमला जाणारे जहाजच मिळेना. वाट पाहून शेवटी सारे रोमला पोपमहोदय तिसरे पॉल यांच्याकडे गेले. स्वतः आखलेला बेत फसला, तेव्हा त्या मित्रांनी देवाला दोष दिला नाही. जहाज न मिळणे हेच देवाचे उत्तर आहे असे त्यांनी मानले.

आता येतो १५४० सालचा मार्च महिना. पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याला हिंदुस्थानसाठी धर्मगुरू हवे होते. इग्नेशियस यांनी दोघांची निवड केली, सिमाव रॉड्रिग्ज आणि निकोलस बोबादिला. फ्रान्सिस यांचे नाव त्यात नव्हते. ते इग्नेशियस यांचे लेखनिक म्हणून काम करत होते आणि त्यांनी रोममध्येच राहायचे होते. पण बोबादिला रोमला पोचले ते आजारी होऊनच. प्रवास करणे शक्यच नव्हते. इकडे पोर्तुगालचे वकील पेद्रो मास्कारेन्यस निघायच्या तयारीत होते, त्यांना थांबवता येत नव्हते. १४ मार्चला इग्नेशियस यांनी फ्रान्सिस यांना बोलावले आणि अडचण सांगितली. फ्रान्सिस यांनी लगेच आपली तयारी असल्याचे सांगितले. त्यांनी विचार करायला मुदत मागितली नाही. आपण दुसऱ्याच्या जागी जात आहोत, पहिली पसंती आपल्याला नव्हती, असा रुसवाही धरला नाही. सांगतात की उरलेल्या वेळात त्यांनी आपली जुनी फाटकी विजार शिवून घेतली.

येशूसंघाला अजून पोपमहोदयांची लेखी मान्यताही मिळालेली नव्हती. ती मिळाली २७ सप्टेंबर १५४० रोजी. म्हणून निघण्यापूर्वी, १५ मार्चला, फ्रान्सिस यांनी कागदावर लिहून ठेवले की संघाचे जे नियम ठरतील ते आपल्याला मान्य आहेत, प्रमुख निवडताना आपले मत इग्नेशियस यांना आहे, आणि दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही व्रते आपण घेत आहोत. जे नियम अजून लिहिलेच गेले नव्हते त्यांच्यावर त्यांनी सही केली. मग ते निघाले. या दोन मित्रांची पुन्हा भेट झाली नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. एका दिवसात निघालेल्या या माणसाला लिस्बनला पोचल्यावर आठ-नऊ महिने थांबावे लागले. जहाजे वसंत ऋतूतच सुटत. शिवाय राजाला हे दोघे इतके आवडले की त्यांना आपल्याच देशात ठेवून घ्यावे असे त्याला वाटू लागले. शेवटी रॉड्रिग्ज यांनी राहायचे आणि फ्रान्सिस यांनी जायचे असे ठरले. तोवर फ्रान्सिस तुरुंगातल्या कैद्यांची पापनिवेदने ऐकत राहिले. आमच्या मते रोमहून झटक्यात निघण्यापेक्षा हे थांबणे कठीण होते. धावत सुटायला एकदाचा धीर लागतो, थांबायला तो रोज लागतो. आजारपणाने अंथरुणाला खिळलेल्या आपल्या आजी-आजोबांना हे आम्ही सांगायला नको.

७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, ते जहाजावर चढले. मोझांबिकला सहा महिने मुक्काम पडला, आणि ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला उतरले. पोपमहोदयांनी त्यांना पूर्वेकडील प्रदेशांसाठी आपला खास प्रतिनिधी नेमले होते. तशी पत्रे त्यांच्या सामानात होती. पण गोव्यात त्यांनी पहिले काम केले ते हे, की बिशप जुआंव द आल्बुकर्क यांच्याकडे जाऊन ती पत्रे त्यांच्या हाती दिली आणि आपण तुमच्या संमतीशिवाय हा अधिकार वापरणार नाही असे सांगितले. राहायला गेले ते रुग्णालयात. हातात घंटा घेऊन रस्त्यांतून मुलांना गोळा करायचे आणि प्रार्थना शिकवायच्या, रविवारी शहराबाहेरच्या कुष्ठरोग्यांसाठी मिस्सा अर्पण करायची, असा त्यांचा क्रम होता.

काही महिन्यांत ते दक्षिणेला, मोती काढणाऱ्या परवा लोकांच्या किनाऱ्यावर गेले. या लोकांचा बाप्तिस्मा काही वर्षांपूर्वीच झाला होता, पण त्यांना विश्वासाविषयी कुणी काहीच शिकवलेले नव्हते. फ्रान्सिस यांना तमिळ येत नव्हते. दुभाष्यांना बसवून त्यांनी क्रुसाची खूण, विश्वासांगीकार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिया तमिळमध्ये उतरवून घेतले, पाठ केले आणि गावोगाव शिकवत फिरले. बाप्तिस्मा देऊन देऊन हात उचलेनासे व्हायचे. जानेवारी १५४४ मध्ये त्यांनी रोमच्या बंधूंना लिहिलेल्या पत्रात पॅरिसची आठवण येते. तिथे जाऊन वेड्यासारखे ओरडत सुटावे असे त्यांना वाटते. तिथली हुशार मुले मोठ्या जागा मिळवण्यासाठी शिकतात, आणि आधी जागा मिळवून मग तिथे देवाची सेवा करू म्हणतात. देवाला आपल्याकडून काय हवे आहे, हे ती कधी विचारतच नाहीत. स्वतः फ्रान्सिस त्या मुलांतलेच एक होते, म्हणून हा सल त्यांना इतका खोल होता.

आपणही वेगळे काय करतो? आपण नोव्हेनेला जातो ते बहुधा देवाने आपले ऐकावे म्हणून. मुलाला नोकरी, मुलीला स्थळ, जागेचा खटला, व्हिसा. यात गैर काही नाही, लेकराने बापाकडे मागायचे नाही तर कुणाकडे? पण नऊ दिवसांतल्या एका तरी दिवशी देवाचे ऐकायला म्हणून किती जण बसतात, हे आम्ही आधी स्वतःलाच विचारतो.

आता आमच्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. रोममध्ये आज्ञा देणारे इग्नेशियस समोर होते. हजारो मैलांवर काय करायचे? गोव्याहून पत्र पाठवून उत्तर मिळायला वर्ष-दोन वर्षे सहज जात. पुढे मोलुक्का बेटांवर असताना तर उत्तराला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागे. मनाला येईल ते करावे आणि त्याला देवाची इच्छा म्हणावे, अशी मोकळीक फ्रान्सिस यांच्याइतकी कुणालाच नव्हती. १५४५ साली ते असेच अडले होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लोभाने कामात अडथळे येत होते, आणि पूर्वेकडे मकास्सरला जावे की जाऊ नये ते कळत नव्हते. तेव्हा ते मैलापूरला संत थॉमस यांच्या कबरीपाशी गेले आणि सुमारे चार महिने तिथे राहिले, प्रार्थना करत. एका दिवसात रोम सोडणारा माणूस इथे चार महिने गुडघे टेकून बसला. जायचे हे मनात स्पष्ट झाल्यावर मात्र त्यांनी लिहिले की मोठे जहाज मिळाले नाही तर लाकडाचे ओंडके बांधलेल्या तराफ्यावरूनही आपण जाऊ. आणि गंमत अशी, की मकास्सरला ते कधी पोचलेच नाहीत. वारे आणि बातम्या दोन्ही विरुद्ध गेल्या, आणि ते आंबोन बेटावर उतरले. तिथेही त्यांना काम होतेच.

आज्ञापालन म्हणजे कोरडी शिस्त, असे कुणाला वाटत असेल तर आंबोनमधून मे १५४६ मध्ये त्यांनी लिहिलेली गोष्ट ऐकावी. मित्रांच्या पत्रांखालच्या सह्या त्यांनी कापून घेतल्या होत्या, आणि स्वतःच्या व्रताच्या कागदाबरोबर ते त्या सतत जवळ बाळगत. इग्नेशियस यांना पत्र लिहिताना ते कधी कधी जमिनीवर गुडघे टेकून लिहीत. पुढे इग्नेशियस यांचे एक मायेचे पत्र हाती आले, ते वाचून या सगळा पूर्व समुद्र पालथा घातलेल्या माणसाला रडू आवरले नाही.

सगळेच त्यांचे बरोबर होते असे आम्ही म्हणणार नाही. १५४६ साली त्यांनी राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय पाठवायची विनंती केली. ते १५६० साली, त्यांच्या मृत्यूनंतर, स्थापन झाले आणि त्यापायी कित्येक कुटुंबांनी भोगले. मंदिरे व मूर्ती यांविषयीचे त्यांचे बोलणे आज वाचताना मन खट्टू होते. सहकाऱ्यांशीही ते कधी कठोर वागत. पण गोव्याच्या संत पॉल कॉलेजचे प्रमुख फादर आंतोनियो गोमिश यांनी इथल्या मुलांना कॉलेजातून काढून टाकले, तेव्हा फ्रान्सिस यांनी त्यांना त्या जागेवरून हलवले आणि शेवटी संघातूनच काढले, हेही लक्षात ठेवायला हवे. स्वतःची चूक कळली की ते ती झाकत नसत. जपानमध्ये दुभाष्याच्या सांगण्यावरून त्यांनी देवासाठी दाइनिची हा शब्द वापरला. तो बुद्धपंथातला शब्द आहे असे पुढे समजले, तेव्हा ज्या रस्त्यांवर तो शिकवला होता त्याच रस्त्यांवर तो वापरू नका असे त्यांनी सांगितले.

जपानच्या या प्रवासाआधी, १५४८ साली, गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यांना भेटायला ते आपल्या वसईलाही आले होते. १५ ऑगस्ट १५४९ रोजी ते जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. तिथली सव्वादोन वर्षे, बर्फातून राजधानीपर्यंत केलेली पायपीट आणि सम्राटाच्या भेटीविना परत फिरणे, ही हकिगत एका लेखात मावणारी नाही. तिथेच त्यांना चीनचा ध्यास लागला. जपानी लोक ज्यांना गुरू मानतात त्या चिनी लोकांनी सुवार्ता स्वीकारली तर जपानही स्वीकारेल, असा त्यांचा हिशेब होता.

१५५२ साली दियोगो परेरा या व्यापारी मित्राला राजदूत करून त्याच्याबरोबर चीनला जायचे ठरले. मलाक्काला आडवे आले ते तिथले कप्तान आल्वारो द आताइद, वास्को द गामाचे पुत्र. परेराचा मान त्यांना सहन झाला नाही आणि त्यांनी जहाजाचे सुकाणूच काढून घेतले. फ्रान्सिस यांनी विनवण्या केल्या. दहा वर्षांत कधी पुढे न केलेला पोपमहोदयांच्या प्रतिनिधीचा अधिकार त्यांनी इथे प्रथमच दाखवला. कप्तानाने जुमानले नाही. माणसाच्या सत्तेपुढे मान तुकवायची आणि घरी जायचे, याला त्यांनी आज्ञापालन मानले नाही. परेराशिवाय, राजाच्या पत्रांशिवाय, नजराण्यांशिवाय ते त्याच जहाजाने पुढे निघाले.

ऑगस्टच्या अखेरीस ते चीनच्या किनाऱ्यालगत सान्शियान बेटावर पोचले. परवान्याशिवाय चीनमध्ये शिरणाऱ्या परदेशी माणसाला तुरुंग किंवा मृत्यू ठरलेला. एका चिनी व्यापाऱ्याने भरपूर मिरीच्या मोबदल्यात त्यांना रात्री होडीतून कँटनला पोचवायचे कबूल केले. दिवस ठरला १९ नोव्हेंबर. तो व्यापारी आलाच नाही. पोर्तुगीज जहाजे एकेक करून परत गेली, दुभाष्याने भिऊन अंग काढून घेतले. २१ नोव्हेंबरला फ्रान्सिस तापाने पडले. जवळ होता तो गोव्यात शिकलेला आंतोनियो नावाचा चिनी ख्रिस्ती तरुण. ३ डिसेंबर १५५२ च्या पहाटे, एका झोपडीत, वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांनी प्राण सोडला. पुरायला चारच माणसे होती. ज्या देशासाठी त्यांनी सगळे पणाला लावले, तो समोर दिसत होता.

हे सारे रोममध्ये कुणालाच ठाऊक नव्हते. २८ जून १५५३ रोजी इग्नेशियस यांनी फ्रान्सिस यांना पत्र लिहिले. पवित्र आज्ञापालनाच्या व्रतानुसार, मिळेल त्या पहिल्या चांगल्या जहाजाने त्यांनी पोर्तुगालला परत यावे, अशी त्यात स्पष्ट आज्ञा होती. हिंदुस्थानची खरी स्थिती राजाला आणि पोपमहोदयांना समोरासमोर सांगणारा माणूस त्यांना हवा होता. चीन सोडून या, हाच त्याचा अर्थ. आपण बोलावले की फ्रान्सिस येतील, याविषयी इग्नेशियस यांच्या मनात शंका नव्हती, आणि आमच्याही मनात नाही.

पत्र रोमहून निघाले तेव्हा फ्रान्सिस यांना जाऊन सहा महिने पंचवीस दिवस झाले होते. त्यांचा देह मलाक्काला आणला गेला होता. तिथून तो १६ मार्च १५५४ रोजी गोव्यात पोचला. फाटकी विजार शिवून रोम सोडल्याला तेव्हा चौदा वर्षे झाली होती.